ओठाला न लावलेला पेला

तल अल-जरार
गुरुवार, १२ जानेवारी १९८९

उम्म रिसान,

तुला सलाम, तुझ्या भावाला सलाम, आणि तुझ्या भावजयीला दोन सलाम, कारण किंचाळून तिचा बसलेला घसा अजून सुटला नाही असं ऐकतो. हे पत्र सय्यद नईम तुझ्या हाती देईल. खोदकामाची गाडी दर गुरुवारी भाजीपाल्याला सूक अश-शुयूखला येते, ती तोच चालवतो. उत्तर त्याच्याजवळच दे. तो घाईत असतो, पण थांबेल. मी त्याला सांगितलंय. दोनदा सांगितलंय.

इथे सगळं ठीक आहे. मी वेळेवर जेवतो. तंदूर मला पेटवता येतो. काल रोटी झाली, एका बाजूने. कोंबड्या अंडी घालतात, फक्त कुठे घालतात ते तू जाताना सांगितलं नाहीस.

त्या पेटीबद्दल मला एकदा नीट बोलू दे, कारण तू ऐकून न घेता निघालीस. पेटीतला माणूस कबर क्रमांक एक्केचाळीसमधला. हातात चोचीची सुरई घेऊन झोपला होता म्हणून आम्ही त्याला अबू इब्रीक, सुरईचा बाप, म्हणतो. नंबरने हाक मारायला तो काही कैदी नाही. पाऊस लागला, कोठाराचं छत गळायला लागलं, बाकीच्या पेट्या फळ्यांवर चढवल्या, ही एक उरली. कोरडी जागा कुठे, कोरडी जागा कुठे, असं करत मी घरी आलो. आपल्या अख्ख्या वस्तीत सगळ्यात कोरडी, सगळ्यात उंच आणि सगळ्यात स्वच्छ जागा म्हणजे तुझ्या गाद्या-रजयांची चळत. हे मी कौतुकाने म्हणतोय. त्याच संध्याकाळी तुझा भाऊ सहकुटुंब मुक्कामाला येईल आणि भावजय स्वतःच्या हाताने वरची रजई ओढेल, हे मला कोणी सांगितलं होतं? कवटी फुटली नाही, तेवढी देवाची कृपा. ती सरळ तिच्या मांडीत आली.

तू म्हणालीस, "परका पुरुष माझ्या रजयांत. आणि तोही न धुतलेला." मी म्हणालो, चार हजार वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा गप्प बसायला हवं होतं.

आणि दारातून बाहेर पडताना म्हणालीस, "न्यायला यायचं असेल तर माणसांसारखे या. चार माणसं घेऊन, माझ्या भावाच्या बैठकीत बसून मागा." ते माझ्या लक्षात आहे. येणारच आहे. पण आत्ता कबरी उघड्या पडल्यात आणि लेबलं माझ्याकडे आहेत. मी दोन दिवस हललो की एकाचा पाय दुसऱ्याच्या पेटीत गेलाच म्हणून समज. मग कयामतच्या दिवशी ते उठून कोणाला शोधतील? मलाच.

शिवाय तुझा भाऊ नाही म्हणाला तर? बैठकीत, सगळ्यांसमोर?

रात्री लिंबाचा चहा पिऊ नकोस, तुला जळजळतं. माझं हृदय तुझ्या भावाच्या दारात बसून आहे.

अबू रिसान

गुरुवार, २६ जानेवारी

उम्म रिसान,

पत्र मिळालं. माझंच. लाल पेन्सिलीने इतक्या खुणा केल्यास की पानाला गोवर उठल्यासारखं दिसत होतं. आत तुझी चिठ्ठी असेल म्हणून पाकीट उलटं करून झटकलं, फाडून पाहिलं, सय्यद नईमला गाडीची बैठक उचलायला लावली. काही नाही. नुसत्या चुका.

सरकारने साक्षरतेचे वर्ग काढले तेव्हा तू पहिली आलीस, हे मला मान्य आहे. मी मुल्लाच्या हाताखाली अर्धवट शिकलेला माणूस, त्याची छडी जास्त लक्षात राहिली. शेवटी ते पान मी दह्हामला दाखवलं. दह्हाम म्हणजे तोच, उत्तरेकडच्या शरकातचा, आमच्या कुदळवाल्यांचा म्होरक्या, जो आपल्याकडे तुझा सुक्या मासळीचा रस्सा नाकाला रुमाल लावून जेवला होता आणि मग दोनदा मागून घेतला होता.

दह्हामने वाचलं आणि कुदळ खाली ठेवली. "अबू रिसान," म्हणाला, "तुझा कुत्रा सूक अश-शुयूखला काय करतोय?"

"कुठला कुत्रा? माझ्याकडे कुत्रा नाही."

"तू लिहिलंयस. माझा कुत्रा तुझ्या भावाच्या दारात बसून आहे."

मग त्याने समजावून दिलं. आपण दक्षिणेकडचे लोक बोलताना ग म्हणतो: गबर, गहवा, गलब. मी ऐकू येतं तसं साधा काफ काढून मोकळा होतो. पण पुस्तकात तिथे क़ाफ लागतो, गोल डोक्याचा आणि वर दोन ठिपक्यांचा. कबर, कॉफी, हृदय, तिन्हींना तोच. क़ाफ घातला तर क़ल्ब म्हणजे हृदय. काफ घातला तर कल्ब म्हणजे कुत्रा. माझी पत्रं कबरींनी भरलेली, म्हणून पान लाल.

सय्यद नईम सांगतो, तुझा भाऊ हज्जी शिनावा खरोखरच उठून दाराबाहेर पाहून आला. त्याला म्हणावं, माफ कर.

दह्हामने ही गोष्ट सगळ्या खंदकाला सांगितली. आता मी जेवायला गेलो की कोणीतरी माझ्यापुढे हाड ठेवतं. कोंबडीचं. कबरीतल्या हाडांना हात लावायची कोणाची टाप नाही, खोदकामाच्या प्रमुख सित्त इब्तिहाल बघत असतात. आपल्या या बाई बगदादच्या असल्या, डॉक्टर असल्या, तरी एक मणी हरवला तर स्वतः चाळणी घेऊन उकिडव्या बसतात. मला अम्मो, काका, म्हणतात. काल म्हणाल्या, "अम्मो, तुम्ही एकेक लेबल चार वेळा तपासता. तीनदा पुरे."

घर ठीक आहे. मी मात्र काही दिवस खोदकामाच्या घरी झोपतो. पेट्यांजवळ कोणीतरी हवं. आपल्या घरात काही भीतीबिती वाटते म्हणून नाही. भांडी वाजत नाहीत, एवढंच.

अबू रिसान

गुरुवार, २ फेब्रुवारी

उम्म रिसान,

पुन्हा लाल. पण या वेळी खुणा कमी होत्या. मी मोजल्या नाहीत, नजरेनेच कळलं.

आज तुला एक बाई सांगतो. परवा खंदकाच्या कडेला चटईचा ठसा लागला. चटई केव्हाच माती झालेली, पण तिची वीण मातीत राहते, पांढुरक्या रेघांची, तुझ्या जुन्या चटईसारखीच. तो ठसा दिसला की कुदळी बाजूला जातात, सुऱ्या आणि कुंचले येतात आणि सगळे हळू बोलायला लागतात. का ते माहीत नाही. झोपलेल्याला जाग येऊ नये म्हणून असेल.

आत बाई निघाली. उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, लेकुरवाळी झोपते तशी. कानाजवळ मणी. आता नीट ऐक. इथले सगळे, बायका असोत की पुरुष, हातात पेला धरून झोपलेले असतात, आणि पेला ओठांजवळ असतो. अबू इब्रीकची सुरई होती, जिला आम्ही मण्यांची आई म्हणतो तिचा पेला होता, एका कबरीतल्या म्हाताऱ्या जोडप्याचे दोघांचे होते. वाटेत तहान लागेल म्हणून कोणीतरी हातात दिलेला. या बाईचा मात्र पेला हातात नाही. तिच्यापुढे, हातभर अंतरावर, जमिनीवर सरळ उभा ठेवलाय. सांडला नाही, कलंडला नाही. ठेवलाय.

मग दह्हाम म्हणाला, "ही मागायला आलीये."

सगळ्यांच्या मनात तेच होतं. मागणं घेऊन आलेला माणूस कॉफीचा पेला समोर ठेवतो आणि घरधनी "दिलं" म्हणेपर्यंत ओठाला लावत नाही, हे तुला मी काय सांगू? तुला मागायला माझे वडील आले होते तेव्हा तुझ्या वडिलांनी आधी म्हशींच्या भावावर गप्पा मारल्या, मग पुरावर, मग कोणाच्या तरी मुतखड्यावर. माझे वडील पेल्यात पडलेल्या माशीकडे बघत बसले. शेवटी "दिली" म्हणाले तेव्हा माशीसकट प्यायले ते. घरी येऊन म्हणाले, मुलगी चांगली असली पाहिजे.

तर आम्ही या बाईला उम्म फिंजान म्हणतो, पेल्याची आई. तिचा नंबर सत्तावन्न. लेबल मी लिहिलं, चार वेळा तपासलं.

काय मागत असेल ती? मला झोप लागत नाही.

अबू रिसान

गुरुवार, ९ फेब्रुवारी

उम्म रिसान,

तू एक शब्द लिहिलास. समासात, उम्म फिंजानच्या शेजारी, लाल पेन्सिलीने: "मग?"

मी तो दह्हामला दाखवला. म्हणाला, "ही दुरुस्ती नाही. ही बायको आहे."

मग हे झालं. उम्म फिंजानचा फोटो काढायचा होता. फोटोच्या वेळी नंबरची पाटी धरायचं काम माझं, तुला माहीत आहे. गुडघे माझे चांगले आहेत. त्या दिवशी जरा दमट होतं, एवढंच. मी कबरीत उतरलो, तिच्या पायाशी पाटी ठेवली, उठायला गेलो आणि उजवा गुडघा म्हणाला, आता नाही. मी टेकलो. मग कुशीवर झालो, कारण हाडांवर हात पडू नये. आता मी एका बाजूला, ती एका बाजूला, गुडघे दोघांचेही पोटाशी. वरून सित्तच्या कॅमेऱ्याचा आवाज आला. त्या म्हणतात, बोट चुकून दाबलं गेलं. माझा विश्वास नाही.

"अम्मो," त्या वरून म्हणाल्या, "तुम्हालाही नंबर द्यावा लागणार."

दह्हाम म्हणाला, "अठ्ठावन्न. पुरुष, म्हातारा, सोबत काही पुरलेलं नाही, तोंड मात्र चालू आहे."

दोघांनी काखेत हात घालून मला बाहेर काढलं. आता मला अबू रुक्बा, गुडघ्याचा बाप, म्हणतात. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. फोटोतला दुसरा माणूस मी आहे. मनात काही आणू नकोस. मी तिच्याकडे पाठ करून होतो.

उम्म फिंजान काय मागते यावर जेवताना रोज वाद होतो. एकजण म्हणतो, सासरा पाणी देत नसेल. एकजण म्हणतो, सवत काढा म्हणत असेल. सित्त म्हणतात, "माती सरकते, चार हजार वर्षांत पेलाही सरकतो. मी कार्डावर लिहिलंय: पेला मूळ जागेवर असेलच असं नाही." दह्हाम म्हणाला, "सित्त, सरकलेला पेला इतका सरळ उभा राहत नाही." त्या म्हणाल्या, "पाहू. अजून तिच्या खालची माती काढायची आहे."

सित्तनी मला आणखी एक गोष्ट विचारलीये. हंगाम संपण्याआधी उत्तर द्यायचं आहे. ते राहू दे. तुला सांगण्यासारखं काही नाही.

रिसान बसऱ्याहून येऊन गेला. घरी कुलूप बघून इकडे आला. "आई कुठेय?" म्हणाला. मी म्हटलं, मामाकडे, भावजयीचा घसा बसलाय. त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं तू पाहतेस. लढाईवरून परत आला तेव्हा इतका हाडकुळा होता, आता गालावर मांस आलंय. हे तुला आधी लिहायला हवं होतं.

अबू रिसान

गुरुवार, १६ फेब्रुवारी

उम्म रिसान,

तू लिहिलंस, "सित्तनी काय विचारलं?" लपवलेलं तुला चारशे पानांतूनही वास घेऊन सापडेल.

बरं. टेकडीवर पहारेकऱ्याची खोली बांधताहेत. विटांची, पत्र्याच्या छपराची, चुलीसकट. बारा महिने राहायचं आणि टेकडी राखायची. सित्त म्हणाल्या, "अम्मो, तुमच्याइतकी काळजी करणारा माणूस मला दुसरा मिळणार नाही. पण तिथे एकट्यानेच राहावं लागेल. घरून विचारून सांगा." मी म्हटलं, घरून विचारतो. आणि घर कुठे आहे ते तुला माहीत आहे. तू येणार नसशील तर ती खोली घेतो. चूल एकट्यापुरती पुरेशी आहे. इथे कोणी रागावून माहेरी जात नाही.

हे शेवटचं वाक्य खोडायचं होतं, पण शाई पसरते.

काल दह्हामशी भांडलो. मी म्हणालो, तिचं मागणं चार हजार वर्षं कोणी ऐकलं नाही, कसले लोक असतील. त्याने तंबाखू गुंडाळता गुंडाळता विचारलं, "तू कधी जाणार सूक अश-शुयूखला?"

"हंगाम संपला की."

"गेल्या गुरुवारी म्हणालास, पाऊस थांबला की. त्याच्या आधी म्हणालास, लेबलं लागली की."

"तुला काय करायचंय? तू शरकातचा. तुमच्याकडे बायका रुसत नाहीत?"

"रुसतात. आम्ही त्यांना पत्रं लिहीत नाही. जाऊन बसतो." मग तंबाखू पेटवून म्हणाला, "ही बाई निदान आली तरी. येऊन बसली, पेला ठेवला. तू तेवढंही केलं नाहीस. बसल्या जागी कुत्रे पाठवतोस."

मी उठून निघून गेलो. उठताना त्यालाच माझा हात धरावा लागला, ते वेगळं.

संध्याकाळी उम्म फिंजानच्या कडेला बसलो. सित्त मणी ओवत होत्या, ज्या क्रमाने मिळाले त्याच क्रमाने, मध्ये एक निळा. मी पेल्याकडे बघत होतो. कोणीतरी "दिलं" म्हणायला हवं होतं. इतकं काय जड होतं ते?

पुढच्या शुक्रवारी, नमाजानंतर. सय्यद नईम येईल, कारण अशा बैठकीत पैगंबरांच्या घराण्यातला सय्यद लागतो आणि गाडीही त्याचीच. दह्हाम येईल. चौथा माणूस शोधतोय. तुझ्या भावाला सांग, म्हशींच्या भावावर बोलायला माझी हरकत नाही, पण मुतखड्यावर नको.

रस्ता कोरडा असला तर येतो. नसला तरी येतो.

अबू रिसान

सूक अश-शुयूख, हज्जी शिनावाची बैठक
शुक्रवार, २४ फेब्रुवारी

उम्म रिसान,

मी इथे आहे, भिंतीच्या या बाजूला. तुला माहीतच आहे. मघाशी पडद्यामागे तू खोकलीस, तो खोकला मी ओळखतो.

आम्ही आलो, बसलो. चौथा माणूस म्हणून रिसान आला, काल रात्रीच्या बसने. स्वतःच्या आईला मागायला आलेला मुलगा या बैठकीने याआधी पाहिला नसेल. कॉफी आली. मी पेला घेतला आणि समोर ठेवला. सय्यद नईमने ठेवला, दह्हामने ठेवला. रिसान निम्मा प्यायला होता, त्याला मी कोपर मारलं.

तुझ्या भावाने म्हशींपासून सुरुवात केली. मी ऐकून घेतलं. मग सय्यद नईमने नीट शब्दांत मागणं मांडलं. हज्जी शिनावा माझ्याकडे बघून म्हणाला, "मुतश्शर, हे मी कसं देऊ? सगळा हिवाळा तू तिला लिहितोयस आणि ती तपासतेय. तुमची शाळा आहे ती, मी मध्ये बोलणारा कोण? तिचं म्हणणं आहे, लिहून दे." आणि आतून कागद आला. तुझी भावजय घेऊन आली. घसा सुटलाय तिचा. "सरळ ओळीत लिही," म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघताहेत. दह्हाम खांद्यावरून वाचतोय, त्याला सरकवलं.

आधी एक सांगतो, नाहीतर बैठकीत खोटं बोलल्यासारखं होईल. उम्म फिंजान काही मागत नव्हती. मंगळवारी तिच्या खालची माती काढली तर उंदराचं बीळ निघालं, थेट तिच्या हातापासून पेल्यापर्यंत. उंदराने हातातला पेला पुढे ढकलला, खालची माती बसली आणि तो सरळ उभा राहिला. सित्तनी मला बीळ दाखवलं आणि बिचाऱ्या स्वतःच ओशाळल्या. "माफ करा अम्मो," म्हणाल्या. दह्हामने तोंड फिरवलं. पण तोवर मी माझा ठेवणीतला झगा उन्हात टाकला होता आणि रिसानला निरोप गेला होता. उंदरासाठी मी ते सगळं परत फिरवणार नव्हतो. म्हणजे मुळात पेला तिच्या हातात होता, ओठांजवळ, बाकी सगळ्यांसारखा. कोणीतरी तिला प्यायला दिलं होतं. मला बरं वाटलं.

अबू इब्रीक शहरातल्या संग्रहालयात गेला, कोरड्या कपाटात. त्याचं लेबल मी स्वतः बांधलं. तुझ्या रजया मी उसवल्या, खोळी धुतल्या, कापूस उन्हात घातला. परत शिवता आल्या नाहीत. एक शिवून पाहिली, तिच्यात माझी बाहीपण शिवली गेली. पहारेकऱ्याची खोली दुसऱ्याला द्या म्हणून सित्तना सांगितलं, तू काय म्हणशील ते कळायच्या आधीच. मला ती चूल आवडली नव्हती. पुढच्या हंगामात पाटी धरायला गेलो तर संध्याकाळी घरी येईन, आणि आल्यावर हातपाय धुऊनच आत येईन.

अंडी कुठे असतात ते मला अजून सापडलेलं नाही.

मागणं हे आहे. माझं हृदय तुझ्या भावाच्या बैठकीत बसलंय. घरी चल. माझी कॉफी थंड होतेय.

मुतश्शर

[त्याच कागदाच्या पाठीमागे, लाल पेन्सिलीने]

अबू रिसान,

हृदय या वेळी बरोबर लिहिलंत, दोन्ही ठिपके जागेवर आहेत. कॉफी चुकलीत. तिलाही क़ाफच लागतो. ती प्या.

अंडी तंदुरामागच्या फुटक्या घागरीत असतात. रजया मी शिवीन, तुम्ही सुईला हात लावू नका.

आणि सय्यद नईमला सांगा, गाडीच्या पुढच्या बैठकीवरच्या पेट्या आत्ताच मागे टाक. पुढे मी बसणार. मागे दह्हामशेजारी तुम्ही बसा, तुमचा नंबर अठ्ठावन्न आहे.